वर्गातील एक प्रश्न

संपादक मंडळातील विद्यार्थ्यांनी यंदाच्या अंकासाठी लेख मागितला तेव्हा मी त्यांना म्हणालो, "संख्याशास्त्राच्या माणसाचा लेख कोण वाचणार?" त्यावर एका विद्यार्थिनीने लगेच उत्तर दिले, "सर, गणित घालू नका म्हणजे वाचतील." तिची अट मला पूर्णपणे पाळता येणार नाही. थोडे गणित येईल. पण ते बाजारातल्या हिशेबापलीकडे जाणार नाही, एवढे आश्वासन आरंभीच देऊन ठेवतो.

लेखाचे निमित्त असे. काही महिन्यांपूर्वी मी एका निरोपसमारंभाला गेलो होतो. निवृत्त होणारे प्राध्यापक माझे गुरू. आमच्या या सीमाभागात त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ संख्याशास्त्र शिकवले. परिचय करून देणाऱ्या गृहस्थांनी कागद काढला आणि वाचला : शोधनिबंध इतके, परिषदांना उपस्थिती इतकी, पुस्तके नाहीत. दोन मिनिटांत एका माणसाचे आयुष्य संपले. हार घातला गेला, चहा झाला, मंडळी पांगली. सरांना त्याचे काही वाटलेले दिसले नाही. मला मात्र परतीच्या बसमध्ये एकच विचार छळत राहिला. ज्या माणसाने आयुष्यभर आम्हांला नीट मोजायला शिकवले, त्याचे मोजमाप आम्ही इतके चुकीचे कसे केले?

मोजमापाला माझा विरोध आहे असे कोणी समजू नये. माझा धंदाच मोजण्याचा. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्यांसाठी गुणांची पद्धत आणली; पुढे तिच्यात बदलही झाले. मर्जी आणि वशिला यांपेक्षा गुणांचा तक्ता बरा, हे मी मान्य करतो. पण संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल की, जे मोजायला सोपे तेच मोजले आणि जे महत्त्वाचे ते मोजायला अवघड म्हणून सोडून दिले, तर येणारा आकडा बरोबर असूनही निष्कर्ष खोटा ठरतो. प्राध्यापकाच्या बाबतीत आपण नेमके हेच करीत आहोत, असे माझे मत आहे. ते पटवून देण्यासाठी एक खरी हकीकत सांगतो.

आपल्या कल्याण कर्नाटकात हूविन हडगली नावाचे गाव आहे. पूर्वी ते बळ्ळारी जिल्ह्यात होते, २०२१ पासून विजयनगर जिल्ह्यात आहे. तेथे १० सप्टेंबर १९२० रोजी एका तेलुगू भाषक कुटुंबात आठवे अपत्य जन्मले. आठवा म्हणून कृष्णाचे नाव ठेवले, राधाकृष्ण. हेच पुढे जगप्रसिद्ध झालेले संख्याशास्त्रज्ञ कल्यमपुडी राधाकृष्ण राव. वडील पोलीस खात्यात असल्याने बिऱ्हाड गावोगाव हिंडले. आंध्र विद्यापीठातून गणिताची पदवी घेऊन हा तरुण कलकत्त्याला प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत दाखल झाला आणि १९४३ साली कलकत्ता विद्यापीठाची संख्याशास्त्रातील एम.ए. ही पदवी मिळवून तेथेच शिकवू लागला. वय अवघे तेवीस.

त्याच्या वर्गात एक मराठी विद्यार्थी होता, साताऱ्याकडचा विनायक महादेव दांडेकर. योगायोग असा की दांडेकरांचाही जन्म १९२० सालचाच. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच वयाचे. राव एके दिवशी इंग्लंडच्या रोनाल्ड फिशर यांचा एक सिद्धांत शिकवीत होते. नमुना फार मोठा असेल तर अंदाजातील चूक कोठवर कमी करता येते, हे तो सिद्धांत सांगतो. दांडेकरांनी विचारले, नमुना मोठा नसेल तर? मर्यादित नमुन्यासाठी असे काही सिद्ध करता येणार नाही का?

रावांपाशी उत्तर नव्हते. 'हा अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आहे, बसा खाली' असे ते म्हणू शकले असते. ते म्हणाले नाहीत. घरी जाऊन रात्रभर बसले आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन वर्गात आले. ते उत्तर १९४५ साली छापलेल्या त्यांच्या निबंधात आहे. स्वीडनच्या हॅराल्ड क्रामेर यांनीही १९४६ च्या आपल्या ग्रंथात ते स्वतंत्रपणे दिले. आज जगातील प्रत्येक विद्यापीठात ते 'क्रामेर-राव असमानता' या नावाने शिकवले जाते. २०२३ साली रावांना संख्याशास्त्राचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले ते मुख्यतः याच १९४५ च्या निबंधाबद्दल. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात, एकशे तीन वर्षे पूर्ण होण्यास थोडे दिवस उरले असताना, ते निवर्तले. वर्गातल्या त्या प्रश्नाची हकीकत त्यांनी स्वतःच मुलाखतींतून सांगून ठेवली आहे. विद्यार्थ्याचे ऋण विसरले नाहीत, हा त्यांच्या मोठेपणाचा आणखी एक पुरावा.

आता वर कबूल केलेले थोडे गणित. ही असमानता काय सांगते? आपल्या शेतातल्या उदाहरणाने पाहू. एका ग्रामपंचायतीच्या हद्दीत सोयाबीनचा एकरी उतारा किती, हे ठरवायचे आहे. सगळी शेते मोजणे शक्य नाही, म्हणून चार शेते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडली. समजा, शेताशेतातील उताऱ्याचे प्रमाण विचलन दोन क्विंटल आहे. चार शेतांच्या सरासरीत चुकीचा नेहमीचा पल्ला येतो दोन भागिले चाराचे वर्गमूळ, म्हणजे एक क्विंटल. ही चूक अर्धा क्विंटलवर आणायची असेल तर शेते आठ घेऊन भागणार नाही, सोळा घ्यावी लागतील. येथे कोणी हुशार म्हणेल, 'शेते चारच ठेवा, मी सरासरीपेक्षा अधिक चांगले सूत्र शोधून देतो.' राव आणि क्रामेर त्याला सांगतात : बाबा रे, विचलन नेहमीच्या घंटाकृती वळणाचे असेल आणि तुझे सूत्र एका बाजूला झुकते माप देणारे नसेल, तर या मर्यादेखाली तू जाऊच शकत नाहीस. थोड्या माहितीतून थोडेच ज्ञान मिळते. अधिक हवे असेल तर उठून रानात गेले पाहिजे.

हे कोरडे तत्त्वज्ञान नव्हे. आपल्या बीदर जिल्ह्यातला उडीद-मूग-सोयाबीनवाला आणि कलबुर्गीचा तूरवाला शेतकरी याच गणितावर पीकविमा घेतो. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री फसल विमा योजनेत ग्रामपंचायतीच्या पातळीवर प्रमुख पिकासाठी निदान चार पीककापणी प्रयोग करावेत असा दंडक आहे. बहुतेक पिकांसाठी पाच मीटर लांब आणि पाच मीटर रुंद चौकोन आखायचा, त्यातले पीक कापायचे, मळायचे, वजन करायचे. या वजनांवरून सरासरी निघते. ती ठरीव उंबरठा उत्पन्नापेक्षा जितकी कमी, त्या प्रमाणात भरपाई. उंबरठा पाच क्विंटलचा आणि सरासरी चार आली तर विमा रकमेचा पाचवा हिस्सा मिळतो. चुकून पाच आली तर काहीच नाही. म्हणजे वरच्या उदाहरणातील एका क्विंटलची चूक ही गावातल्या प्रत्येक विमेदाराच्या विमा रकमेच्या पाचव्या हिश्श्याची चूक आहे. आपल्यापैकी कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरी हा पैसा येतो किंवा येत नाही. परंतु तो कोणत्या हिशेबाने ठरला, हे घरात कोणाला सांगता येत नाही. आणि संख्याशास्त्र घेऊन पदवी मिळवलेल्या मुलालाही सांगता येत नाही, हे त्याहून वाईट.

आता गंमत पाहा. प्रत्येक शेताची वेगळी पाहणी न करता एकसारख्या प्रदेशाची सरासरी काढून विमा द्यावा, ही कल्पना आपल्या देशात आग्रहाने मांडली ती कोणी? याच दांडेकरांनी, १९७० च्या दशकात. पुण्याच्या गोखले संस्थेचे ते तेव्हा संचालक होते. १९७१ साली नीलकंठ रथ यांच्यासह भारतातील दारिद्र्यावर त्यांनी लिहिलेले पुस्तक गाजले होतेच. १९८५ ची देशव्यापी पीकविमा योजना प्रदेशाच्या याच तत्त्वावर उभी राहिली. कलकत्त्याच्या वर्गात 'नमुना मोठा नसेल तर?' असे विचारणारा विद्यार्थी पुढे शेतकऱ्यांच्या विम्याकडे वळला.

पीककापणीची पद्धतही अशीच एका मराठी संख्याशास्त्रज्ञाचे ऋण सांगते. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनला नेमन आणि पिअर्सन यांच्या हाताखाली शिकून आले. त्यांनी आणि व्ही. जी. पानसे यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत राहून यादृच्छिक निवडीने पीककापणी करण्याची पद्धत रुजवली. फार लहान चौकोन किंवा वर्तुळ आखले तर कडेवरची झाडे आत ओढली जातात आणि उतारा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, हे सुखात्म्यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले. म्हणून आखणीच्या दोरीकडे पाहणारा डोळाही संख्याशास्त्राचाच भाग आहे. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले.

'ही सगळी मोठी माणसे. साध्या शिक्षकाचे काय?' असा प्रश्न कोणी विचारील. त्यासाठी कोल्हापूरच्या वसंत शंकर हुजुरबाजार यांचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. हेही विद्वत्तेत लहान नव्हते. केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्यापाशी त्यांनी संशोधन केले. 'महत्तम संभाव्यता' या पद्धतीत समीकरणाची कोणती उकल खऱ्या उत्तराकडे नेते, याविषयीचा त्यांचा १९४८ चा निबंध आजही आधाराला घेतला जातो. १९६० साली त्यांना केंब्रिजचे ॲडम्स पारितोषिक मिळाले, १९७४ साली पद्मभूषण. असा माणूस १९५३ साली पुणे विद्यापीठात नवा विभाग काढून बसला आणि १९७६ पर्यंत, म्हणजे तेवीस वर्षे, त्याचा प्रमुख राहिला. विभाग चालवणे म्हणजे काय, हे ज्याने चालवला त्यालाच ठाऊक. वेळापत्रक, परीक्षा, ग्रंथालयाची यादी, खेड्यातून आलेल्या घाबरलेल्या मुलाची समजूत. यातले काहीही शोधनिबंधांच्या यादीत येत नाही. पण महाराष्ट्रातील महाविद्यालयांतून जे संख्याशास्त्र शिकवले गेले, त्याची एक मोठी वाट त्या विभागातून गेली. त्यांच्या दोन मुलीही संख्याशास्त्रज्ञ झाल्या. घरात आणि वर्गात विषय जिवंत असल्याशिवाय असे घडत नाही.

आता माझ्या सरांकडे येतो. येथे मला स्वतःचा एक गुन्हा कबूल करावा लागेल. पदवीच्या शेवटच्या वर्षी सरांनी आम्हां प्रत्येकाला आपापल्या गावातील पन्नास घरांची पाहणी करायला सांगितले. घरात माणसे किती, जमीन किती, जनावरे किती, महिन्याचा खर्च किती. मी बारा घरे प्रामाणिकपणे हिंडलो. ऊन फार होते आणि लोक नाना प्रश्न विचारीत. उरलेली अडतीस घरे मी बसस्टँडवरच्या हॉटेलात चहा पीत भरून काढली. वही सुबक बांधली आणि सादर केली.

दोन दिवसांनी सरांनी मला बोलावले. रागावले नाहीत. वही पुढे करून म्हणाले, "तुझ्या पहिल्या बारा घरांत दोन घरांना कुलूप आहे आणि एका घरी म्हातारी एकटी राहते. पुढच्या अडतीस घरांत एकालाही कुलूप नाही, एकही बाई एकटी नाही. प्रत्येक घरात चार, पाच नाहीतर सहा माणसे. तेराव्या घरापासून तुझे गाव एवढे सुखी कसे झाले रे?"

मी मान खाली घातली. सर एवढेच म्हणाले, "सरासरी तुझी जवळपास बरोबर आली आहे. पण कुलूप लावून हैदराबादला कामाला गेलेली माणसे तू पुसून टाकलीस. जा, त्यांना परत घेऊन ये."

मी पुन्हा गेलो. पन्नास घरे पूर्ण केली. त्यांत सहा घरांना कुलूप निघाले, चार ठिकाणी एकट्या बायका. एका आजीने मला ताक दिले आणि विचारले, "हे लिहून घेऊन काय होणार बाळा?" मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधण्यातच पुढची पंचवीस-तीस वर्षे गेली, असे म्हटले तरी चालेल. सरांनी त्या दिवशी जे शिकवले ते कोणत्याही शोधनिबंधात छापलेले नाही. परंतु त्यानंतर मी खोटा आकडा लिहिलेला नाही, आणि माझ्या विद्यार्थ्याने लिहिलेला सहसा माझ्या नजरेतून सुटलेला नाही. हा सरांच्या कामाचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडायचा?

प्रतिपक्षाचे म्हणणेही नोंदवले पाहिजे. माझे एक सहकारी मला म्हणतात, 'रावांच्या पाठीशी महालनोबिसांची संस्था होती, ग्रंथालय होते, रात्रभर बसायला मोकळीक होती. आमच्याकडे अभ्यासक्रम पुरा होत नाही, जागा रिकाम्या, अतिथी व्याख्यात्याला पुढच्या वर्षी आपण असू की नसू याची खात्री नाही. प्रश्न कोण ऐकत बसणार?' हे म्हणणे खरे आहे आणि त्याची जबाबदारी एकट्या शिक्षकावर टाकणे अन्यायाचे होईल. प्रत्येक प्रश्नातून सिद्धांत निघत नाही हेही खरे. पण प्रश्नच आला नाही तर काहीच निघत नाही. आमच्या वर्गांतून प्रश्न येत नाही, हे माझे खरे दुखणे आहे.

तो का येत नाही? मुले मंद आहेत म्हणून नव्हे. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या भागांतला मुलगा घरी मराठी बोलतो, शेजारी कन्नड ऐकतो, बाजारात दखनी बोलतो आणि वर्गात त्याच्यापुढे इंग्रजी येते. त्याच्या मनात प्रश्न येतो तो या तिन्हींपैकी एका भाषेत. तो इंग्रजीत करून विचारायचा म्हटले की व्याकरणाची भीती वाटते. तोवर फळा पुसला जातो. आपल्या या नियतकालिकाचे दोन विभाग आहेत, मराठी आणि कन्नड. मला त्यात एक गोष्ट फार आवडते. या विषयाला मराठीत 'संख्याशास्त्र' म्हणतात आणि कन्नडमध्येही 'संख्याशास्त्र'च म्हणतात. शब्द एक आहे, शेत एक आहे, विमा एक आहे. मग प्रश्न कोणत्याही भाषेत आला तर बिघडले कोठे?

म्हणून तीन साध्या सूचना करून लेख संपवतो. त्यांना पैसा लागत नाही.

पहिली, संख्याशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षातून एकदा, सोयाबीनच्या किंवा तुरीच्या सुगीत, आपल्या गावच्या पीककापणी प्रयोगाला उभे राहावे. काही बोलू नये, भांडू नये. शेत कसे निवडले, दोरी कशी धरली, वजन किती आले, एवढे वहीत टिपावे. पाठ्यपुस्तकातल्या कारखान्यातील बोल्टांपेक्षा ते त्याला अधिक शिकवील.

दुसरी, प्रत्येक वर्गात एक वही असावी. तीत विद्यार्थ्याने मराठी, कन्नड, दखनी, इंग्रजी, जमेल त्या भाषेत प्रश्न लिहावा. शिक्षकाला उत्तर येत असेल तर त्याने ते द्यावे. येत नसेल तर 'मला ठाऊक नाही, पाहून सांगतो' असे लिहून खाली सही करावी. ही सही करायला धैर्य लागते. तेवीस वर्षांच्या रावांनी ते दाखवले.

तिसरी सूचना संपादक मंडळाला. पुढच्या वर्षी या वार्षिकात प्राध्यापकांच्या शोधनिबंधांची यादी छापाल तेव्हा तिच्या शेजारीच त्या वहीतले दहा प्रश्न छापा, पाच या विभागात आणि पाच त्या. वाचणाऱ्याला महाविद्यालयाची प्रकृती त्यावरून अधिक चांगली कळेल.

राहता राहिली सरांच्या निरोपसमारंभाची गोष्ट. त्या दिवशी मला दोन शब्द बोलायला सांगितले होते. घसा दाटला होता आणि वेळही संपत आली होती, म्हणून मी नुसता नमस्कार करून बसलो. त्या दिवशी जे बोलायचे राहिले, ते येथे लिहिले आहे. सर हा अंक वाचतील. वाचताना ते नक्की माझे आकडे तपासतील, आणि एखादा चुकला असेल तर पत्र पाठवतील. त्या पत्राची मी वाट पाहीन.